कपांची वही

वळसंगला आमच्या विहिरीत, पाण्यापासून पंधरा पायऱ्या वर,
दगडी टप्प्यावर कॉफीची सात झाडं आहेत.
सांगितलं की लोक आधी हसतात,
मग वाकून बघतात.
वाकणाऱ्याचा सदरा आम्ही मागून धरून ठेवतो.

पणजा चनबसप्पा खांद्यावर चादरी टाकून
विकत विकत चिकमगळूरपर्यंत जायचा.
तिथल्या एका मळेवाल्याकडे पैसे नव्हते, आणि थंडी होती.
त्यानं चादर ठेवून घेतली
आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून चार रोपं दिली.
पणजीनं विचारलं, हे आपण खायचं का जनावरांना घालायचं?
पणजाला माहीत नव्हतं.

रानात लावलेली दोन एप्रिलनं नेली.
उरलेली दोन त्यानं विहिरीत उतरवली,
तापानं फणफणलेलं पोर
ओल्या फडक्यात घ्यावं तशी.
सातही झाडं त्या दोघांचीच.

तिकडे म्हणे फुलायला मार्चात एक सर लागते.
आमच्याकडे मार्चात डांबर वितळतं.
म्हणून निलव्वा आत्या वरच्या पायरीवर उभी राहते
आणि जोंधळ्याच्या चाळणीतून पाणी ओतते,
एका रात्रीत सत्तर घागरी.
झाडं फसतात.
नवव्या दिवशी विहीर आतून पांढरी होते,
तीन दिवस पाण्याला मोगऱ्यासारखा वास,
म्हशी हौदापासून हलत नाहीत.
चौथ्या दिवशी फुलं तपकिरी,
चहात पडलेल्या माशीसारखी.

आत्या चहाच पिते. कॉफी तिला कडू लागते.

डिसेंबरात फळ तोडायला मला सासरहून बोलावतात,
दोरीला माझ्या कमरेची सवय आहे.
गच्चीवर चादर अंथरायची, तिच्यावर फळं.
चादरीतल्या मोराला दरवर्षी नवे डाग पडतात.
मग साल, मग गर, मग तो चिकटा, मग कातडं,
मग चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा,
आणि सगळं काढता काढता उरतो
डालड्याचा एक डबा, तोही पाऊण.
भाकरीच्या तव्यावर भाजली की तडतडते,
पावशेर धूर, पावशेर कॉफी.
वर्षाचे कप निघतात चाळीस. फार तर पंचेचाळीस.

एवढ्याला विकणार काय? म्हणून वही.
पणजाचं कानडी, आजोबांची मोडी,
अप्पांचा निळा बॉलपेन:

म्हैस अडली. डॉक्टर रात्री आले. एक कप.
वायरमन, खांबावर तीन तास. एक कप.
सोयरीक मोडली. त्यांनाही दिली. चार कप.
मिलचा भोंगा आज वाजला नाही. यल्लप्पा जॉबर येऊन बसले.
दोन कप. बोलले नाहीत.
सांडली. एक.

या वर्षी रेवणसिद्धनं, माझ्या भावानं,
बंगळूरहून चव घेणारी बाई बोलावली. नाव देचम्मा.
तिच्याकडे वजनकाटा, घड्याळ, खोलगट चमचा.
तिनं फुर्रकन ओढली, आत्या दचकली.
कागदावर उतरत गेलं: संत्र्याची साल. गूळ. ओला दगड.
मग ती थांबली. पुन्हा ओढली.
शेंगदाणा, म्हणाली. आणि… लसूण?

आम्ही सगळ्यांनी उखळाकडे पाहिलं.
आमची शेंगाचटणी त्यातच कुटतात,
कॉफीही त्यातच.

अठ्ठ्याहत्तर, ती हळू म्हणाली.
उखळ तेवढं बदला,
पुढच्या वर्षी ऐंशीच्या वर जाल.
भावाचं तोंड एवढंसं झालं.
आत्या म्हणाली, ऐंशी काय, रुपये?
गुण.
बरं. कपात काय उरलंय का, बघ.
तिनं कप तिरका करून पाहिला.
उरलं नव्हतं.

संध्याकाळी वही माझ्याकडे आली. लिहिलं:
देचम्मा, बंगळूरहून. एक कप. दुसरा मागितला. दिला.

रात्री उशिरा भाऊ अंगणात बसून
राखेनं उखळ घासत होता, बॅटरी तोंडात धरून.
सकाळी आत्यानं त्यातच
मूठभर लसूण सोलून टाकला.