पस्तीस सेंटिमीटरवर

बांबोळीचं इस्पितळ, पडदे ओढलेली खोली.
टेबलावर डाव्या कुशीवर अगुश्तीन मेस्त,
दिवाडीचे, वय एकाहत्तर,
दातांत प्लास्टिकची कडी.

मघाशी, कडू फवाऱ्यानं जीभ जड व्हायच्या आत,
सांगत होते: जुन्या घरांच्या खिडक्या दुरुस्त करतो,
शिंपल्यांच्या.
घासायचा, चौकोनी कापायचा,
लाकडाच्या खाचेत एकेक सरकवायचा.
"काचेतून लोक आत बघतात, बाय.
शिंपल्यातून नुसता उजेड येतो.
घराची अब्रू राहते."

मी नळी डॉक्टर कुंकळयेकरांच्या हाती दिली.

पांढऱ्या उजेडात सगळं गुलाबी, ओलं, नितळ.
बोट ठेवायला जागा नाही.
पस्तीस सेंटिमीटरवर डॉक्टर थांबले,
अंगठ्यानं बटण दाबलं.
तांबडा गेला.
उरला निळा, थोडा हिरवा,
वरच्या वर फिरणारा, खोल न शिरणारा.
निळा उजेड रक्त पिऊन टाकतं,
आणि त्यातच पकडलं जातं.

नखाएवढा तपकिरी डाग.
आत ठिपके, दाट, वेडेवाकडे,
केसाहून बारीक वाहिन्या, वाट सोडलेल्या.
ओहोटीला मांडवीचा चिखल उघडा पडतो
आणि कुर्ल्यांची बिळं दिसू लागतात.
भरतीतही ती तिथंच असतात.

कोणी बोललं नाही.
मी चिमटा पुढे केला.
चार तुकडे, तांदळाच्या कणीएवढे.
बाटलीवर नाव लिहिताना एक अक्षर सुटलं.
लेबल फाडलं, दुसरं लिहिलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, बोबडं:
"किते दिसलें?"
सांगायचं काम माझं नव्हे.
रिपोर्ट गुरुवारी. डॉक्टर सांगतील.
चहा तासाभरानं, कोमट.

ते माझ्याकडे बघत राहिले,
चौकटीवर बोटानं टकटक करून
वाळवी कुठवर गेली ते ऐकणारा माणूस बघतो तसे.
मग म्हणाले, "बेगीन दिसलें न्हय?"

मी मान हलवली.
तेवढं चालतं की नाही, कुठे लिहिलेलं नाही.

नळी धुवायला घेतली.
आत हवा भरून पाण्यात बुडवायची;
बुडबुडा आला तर कुठेतरी चीर आहे.
वाकून बघत राहिले.
एकही आला नाही.
बाहेरून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं,
तरी बघत राहिले.