चार बाय सहा

त्याचा चेहरा मी पहिल्यांदा कापला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
मागं शाळेची भिंत, भिंतीवर अकराचा पाढा.
पाढा खोडून मी उगवता सूर्य टाकला
आणि सूर्याच्या दुप्पट त्याचे वडील.
तेव्हापासून दर सात डिसेंबरला
तो माझ्या मशीनमधून बाहेर येतो,
आधी केस, मग कपाळ, मग डोळे.
हनुवटी यायला अकरा मिनिटं लागतात.

दहा बाय वीस. फाट्यावर दोन, बाजार समितीला एक.
मिशी फुटली तेव्हा साहेबांचा फोन आला:
"जराशी दाट कर."
हात जोडलेला त्याचा फोटोच नव्हता,
उपसरपंचाचे हात लावले,
अजून तेच चालतात.

सारंग नागपूरला गुरांच्या डॉक्टरकीला होता.
सुटीत यायचा तेव्हा कोंडवाड्याच्या कठड्यावर बसून
परक्या गाईच्या खुरातला काटा काढायचा.
तिसऱ्या वर्षी साहेबांनी त्याला उचलून आणला
अन् जिल्हा परिषदेला उभा केला.
पडला.
घरच्या बूथवरच एकशे चौदानं मागं.
त्या रात्री साहेब त्याच्याशी बोलले नाहीत,
माझ्याशी बोलले:
"फोटोतच दम नोयता बे तुह्या."

मग ती गाडी.
संत्र्याच्या पेट्या भरून
सायकलनं घरी चाललेला देवचंद,
आणि पुलाच्या अलीकडं पसरलेली संत्री.
सकाळी ठाण्यात गजू ड्रायव्हर उभा राहिला,
म्हणाला, मीच होतो.
त्या रात्री गजू बहिणीच्या लग्नात पंक्ती वाढत होता.
त्याच्या हातचं वरण
साऱ्या गावानं खाल्लं होतं.
मीही, दोनदा मागून.
जबाबाच्या वेळी कोणालाच वरण आठवलं नाही.

मधली दोन वर्षं सांगत नाही.
बारवाल्या संजूला विचारा,
किंवा अमरावतीच्या त्या दवाखान्याला,
जिथं साहेबांनी त्याला दुसऱ्या नावानं ठेवला होता.

एका रात्री शटर अर्धं पाडलं होतं,
तो वाकून आत आला.
पिलेला नव्हता.
उद्याचा त्याचाच वाढदिवस मशीनवर चालू होता.
तो नाकापर्यंत उतरला तोवर बघत राहिला,
मग म्हणाला,
"माया एखादा फोटो हाय का तुयाजवळ, बाबा नसलेला?"
मी फोल्डर उघडला.
युवा, लाडके, भावी, आधारस्तंभ.
बावीस वर्षांत एकही नव्हता.

"राहू दे," म्हणाला, "एक छोटं कर. चार बाय सहा.
फोटो नको. नाव नको. फक्त लिही:
ती गाडी मी चालवत होतो."

मी विचारलं, रंग कोणता.
लाज वाटते, पण मी तेवढंच विचारलं.
"काळा. पांढऱ्यावर."
त्यानं पैसे मोजून दिले.
त्या घरातून पहिल्यांदाच नगद आलं.
सुरळी काखेत धरून गेला
आणि मी रोज चौकाकडं बघत राहिलो.
फाटा, बाजार समिती, बसस्टँड.
कुठंच लागलं नाही.
भ्याला, म्हटलं. खरं सांगतो,
मला बरंही वाटलं.

जूनच्या तोंडाशी गजूच्या बायकोनं निरोप धाडला,
जुने फ्लेक्स असले तं द्या, गोठ्यावर टाकाले.
मी सारंगचेच चार घेऊन गेलो,
गावात तुरीच्या ढिगांवर तोच असतो,
हसत, उन्हात सोलून निघालेला.
रंजनानं पाणी दिलं. मी वर पाहिलं.
कवेलूच्या खाली बांधलेलं,
अक्षरं आतल्या बाजूनं.

"तेच आणून देल्लं त्यानं," ती म्हणाली.
"मी म्हटलं, लावा चौकात. तं उभाच रायला.
मंग सोताच शिडीवर चढला अन् बांधून गेला."

कोपऱ्यात समीक्षा गृहपाठ करत होती, पाचवीतली.
"झोपताना वाचते ते," रंजना म्हणाली,
"रोज. अक्षर मोठं हाय न."

मी आणलेले चार तिथंच ठेवले,
घडी न मोडता,
आणि निघालो.