बारा हजारांश

पेन्शनचं पहिलं पाकीट आणलं तेव्हा
सोमावती म्हणाली, आता तरी बसा जरा.
बसलो. अकरा दिवस बसलो.
बाराव्या दिवशी हापुतलेची बस धरली,
खिशात पेपरातलं कात्रण,
तारेसारखं काटकसरीनं लिहिलेलं:
मॉरिस मायनर, लाकडी पाठीची. चालत नाही. येऊन बघावी.

अडतीस वर्षं बदुल्ल्याच्या तारघरात
मी दुसऱ्यांचे जन्म-मृत्यू बोटांनी वाजवले.
स्वतःची म्हणावी अशी एक सायकल,
तीही खात्याची.

मिसेस लूडोव्हाइकनी शेडचं कुलूप काढलं.
आत धुकं आमच्याआधीच येऊन बसलेलं.
लाकडी चौकटीवर शेवाळ,
मागच्या दाराच्या कोपऱ्यात चक्क एक अळंबी,
छत्री उघडून बसथांब्यावर उभी असल्यागत.
नंबरप्लेटवरचा 'श्री' मात्र अजून ठळक.
"ऑब्री दर जानेवारीत म्हणायचा, यंदा काढतो बाहेर.
सोळा जानेवाऱ्या गेल्या.
मग ऑब्री गेला."

घासाघीस करायची हे ठरवूनच गेलो होतो,
सोमावतीनं आकडा घोकून घेतला होता.
पण बाईंनी विचारलं,
चालू झाली की एकदा मला ऐकवाल?
आणि आकडा तोंडातच विरघळला.

लॉरीवरून गाडी उतरली तेव्हा गल्ली गोळा झाली.
सोमावती एवढंच म्हणाली,
म्हणजे भंगाराला भाडंसुद्धा आपणच दिलं.

चौदा महिने.
इंग्लंडच्या ॲश लाकडाला इथला फणस जोडला,
सुरुवातीला दोघं एकमेकांशी बोलेनात.
जिफ्री मेकॅनिक संध्याकाळी यायचा, चहा प्यायचा,
माझं दिवसभराचं काम उलगडून पुन्हा करायचा.
झडपांची फट त्यानंच शिकवली:
बारा हजारांश इंच.
केसाएवढी नाही काका, चार केसांएवढी.
पातं सरकवायचं, निघताना जराशी ओढ लागली पाहिजे,
ओल्या पाकिटातून पत्र निघावं तशी.
माझी बोटं खूश झाली.
कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

पोयाच्या सुट्टीला, सकाळी नऊला, ती खोकली,
निळा धूर सोडला, आणि मग
थांबलीच नाही.

हापुतलेला फोन लावला.
रिसीव्हरची वायर खिडकीतून जेमतेम पोचली,
सोमावतीनं तो बॉनेटवर धरला,
दुसऱ्या हातानं धूर वारत.
पलीकडे कुणी बोलेना.
तारेच्या माणसाला शांतता मोजता येते,
ही महाग होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही ऑब्रीची नव्हे.
त्याच्या गाडीत एक टिकटिक होती. चढावर जास्त.
रात्री वळणावर आधी ती यायची,
मग दिवे, मग तो."
थोडं थांबून, अगदी सौजन्यानं,
"तुम्ही फारच छान केलीत हो."

जन्मभर टिकटिकीवर पोट भरलं मी.
ठिपका आणि रेघ, ठिपका आणि रेघ,
एक अक्षर कधी गाळलं नाही.
आणि इथे एक अख्खा निरोप
बिघाड समजून दुरुस्त करून टाकला.

रविवारी तिकडे जायचं ठरलंय.
शनिवारी रात्री कंदील लावला, झाकण उघडलं.
जिफ्रीला कळलं तर महिनाभर बोलणार नाही.
झडपा आठ.
त्यातली कुठली बोलायची, हे ठाऊक असलेला माणूस
चर्चमागच्या उतारावर झोपलेला.
तिसरीचा नट सैल केला. थोडाच.
कान लावला.

सोमावती दारातून म्हणाली,
आणि ती नसली तर?
नसली तर, म्हटलं, अजून सात आहेत,
आणि मला कुठे उद्या
ड्युटीवर जायचंय.