धुपाटणं

टोलेडो. ऑक्टोबरातला शनिवार.
इंजिन कोमट, हाताला सोसेल इतपत.
शेजारचे डुडेक कुंपणावर कोपरं टेकून:
"फिल्टरला हात नको. आधी पिशवी."

मटार गोठवायची झिपवाली पिशवी
मी खालून त्याला चढवली,
कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून पन्हळ केली,
आणि पाव फेरा सोडवून थांबले.
थांबायचं.
इथेच सगळे चुकतात म्हणे.

तेल आपल्या सवडीनं उतरलं,
काळं, काकवीसारखं.
ड्राइव्हवेवर एक डागही नाही.

नव्याच्या रबरी कड्याला बोटानं तेल लावलं,
टाळू भरतात तसं, न दाबता.
"हातानंच आवळ, पाना नको.
पुढच्या वेळी सोडवणारी तूच आहेस."

मग जुनं तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये,
वर घट्ट झाकण,
आणि मी उभी, पिशवीतला फिल्टर उंच धरून,
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं
हे डुडेकना इंग्रजीत समजावत.
धुपाटण्यापाशी अडले, हातवारे केले.
"पण तूप कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बुटावर काहीतरी टपकलं.
पिशवीला भोक.

डुडेक काही बोलले नाहीत.
घरात गेले
आणि मांजराची वाळू घेऊन आले.