तिसरी

उदगीरला, डोळ्यांच्या दवाखान्यात,
औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी एक चित्र आहे.
बागेत तिघीजणी.
माना सुरईसारख्या, बोटं शेवग्याच्या शेंगा,
आणि चेहऱ्यांवर डोळे नाहीत,
नुसत्या भुवया काढून सोडून दिलंय.

थेंब घालून बसवलंय आम्हाला बाकावर.
बाहुल्या मोठ्या होईस्तोवर उठायचं नाही.
तोवर चित्र बघायचं,
किंवा त्याच्याकडे तोंड करून बसायचं.

दोघींच्या मधे झोपाळा, रिकामा.
तिसरी पाठमोरी, हातात झारी.
झारीतून निळ्या सहा रेषा, मोजल्या मी,
आणि खाली रोपटं नाही.
बत्तीस वर्षं आयटीआयला ड्रॉइंग शिकवलं;
रेषा निघाली की ती कुठं तरी टेकली पाहिजे.

चष्म्याच्या काउंटरवरचा अफसर म्हणाला,
"उनो रूठी है, मास्तर. पीठ बतारी."
मलाही तसंच वाटत होतं.
पिवळं आभाळ, लांबलेल्या सावल्या,
झोपाळ्यावरून कुणी तरी नुकतंच उठून गेलेलं.

देवणीकडच्या सोजरबाई, दोन्ही डोळ्यांत दूध साकळलेलं,
म्हणाल्या, "मला सांगा की, काय काय हाय."
मी सांगितलं. झारीपाशी अडखळलो.
"रुसली कशानं? पानी घालायलीय न्हवं ती?
रुसलेली बाई झारी उचलत न्हाई."
मग जरा वेळानं,
"मी कोय पुरली हुती दाराम्होरं.
दोन म्हैने शेजारनी हसायल्या,
सोजर मातीला पानी पाजायली म्हनून."
आंबा आला का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी उठलो. उठायचं नव्हतं तरी.
जवळ गेलो तर सगळं फुटायला लागलेलं,
तिघींच्या पाच झालेल्या, निळं पसरलेलं,
पण एवढं कळलं:
फ्रेमवाल्यानं खालची दोन बोटं जागा
पांढऱ्या पट्टीखाली घेतलीय.
सहीसुद्धा अर्धीच वर आलीय.
पट्टीखाली काही असेल. नसेलही.
नर्सला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

सोजरबाईंचा नंबर आला.
जाता जाता भिंत चाचपत थांबल्या,
"हितंच ना बाग?"
तळवा पडला कॅलेंडरवर,
कुठल्याशा गुरुवारच्या चौकटीवर.

मी म्हणालो, हो.