दीड हॉर्सची

तीन हॉर्सपॉवरची मोटर आणली होती मुसल्लमने
मस्कतहून, पिकअपमध्ये, उशीवर निजवून.
स्विच टाकला की पाती गपकन थांबायची,
धावत्या माणसाचा सदरा कुणी मागून धरावा तशी.

वारा तर होता. जून ते सप्टेंबर
अल अश्खराला वारा नाही असं कुणी म्हणणार नाही :
चहात वाळू, दातांत वाळू.

मी इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या मोटरी भरणारा.
मला एवढंच ठाऊक,
मोटर उठताना सहापट मागते,
मग निमूट चालते.
उठताना उपाशी राहिली तर जळते;
तो वास मला झोपेतही ओळखू येतो.

दीड हॉर्सची बसवली.
‘एवढीशी?’ मुसल्लमने बोटाचं पेर दाखवलं.
पाती आधी रिकामीच फिरू दिली,
काटा चाळिसावर गेला, तेव्हा जोडली.

अडखळली.
धरली.
पाइपातून आधी हवा, मग गंजाचं लाल,
मग मचूळ पाणी, मनगटाएवढं.
माणसांआधी शेळ्या आल्या.

आता रात्री पडल्या पडल्या
मोटरीच्या आवाजावरून वारा मोजतो.

मोठी अजून दारातच आहे.
मुसल्लम तिच्यावर बसून खजूर खातो.