शेपटीची दुरुस्ती

प्रांताच्या ग्रंथालय खात्याचं पत्र आलं:
कालबाह्य पुस्तकं रद्द करावीत, यादी सोबत जोडली आहे.
यादीत सतराव्या क्रमांकावर आपलं डायनोसॉरचं.
कारण: चुकीची माहिती.

चुकीची आहेच.
पान बारावर तो लांबमान्या
गळ्यापर्यंत दलदलीत उभा आहे,
कारण चित्रकाराला वाटलं,
एवढं धूड आपल्याच पायांवर कसं पेलेल,
पाण्यानंच उचलून धरलं असणार.
पान चौदावर तो मांसखाऊ,
कांगारूसारखा ताठ, शेपूट मातीत लोळवत.
सगळ्या जगाला दात दाखवतोय
आणि मागून शेपूट घातलेलं.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा हे पुस्तक
पातागोनियाच्या या टोकाला ट्रकनं आलं,
मैद्याच्या पोत्यांवर बसून.
पुढे कितीतरी दिवस पान उलटलं की पीठ उडायचं
आणि आम्हाला वाटायचं, हीच ती
कोट्यवधी वर्षांपूर्वीची धूळ.
दलदल आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती.
इथे फक्त वारा, काटेरी झुडपं आणि शेळ्या.
एवढं पाणी असतं तर, बेनिग्नो म्हणायचा,
माझ्या काकाने हजार शेळ्या पाळल्या असत्या.

पुस्तकांवर लिहू नये.
भिंतीवरची ही पाटी माझ्याच अक्षरात आहे.
तरी पान चौदावर, समासात, शिसपेन्सिलीने
एक बाण, आणि पुढे दोनच शब्द:
शेपटी वर.
ते ओस्वाल्दोच्या पोराचं. त्या उन्हाळ्यात तो
खोदणाऱ्यांच्या तंबूत पाणी पोचवायचा
आणि संध्याकाळी बोटांना प्लास्टर लावून परतायचा.
त्याखाली काही वर्षांनी, हिरव्या शाईत: पिसं?
त्याखाली वेगळ्या हाताने: याला नाहीत, याच्या चुलतभावाला.
त्याखाली: तू जाऊन विचारलंस वाटतं?

दंड करायला हवा होता.
मी सही ओळखायचे, आणि गप्प बसायचे.

नवं पुस्तक खात्यानंच पाठवलंय.
गुळगुळीत, रंगीत, शेपट्या हवेत, पिसं जिथल्या तिथे.
पोरं तुटून पडली त्यावर.
मिलाराय पाइनेमाल मात्र जुनंच घेऊन गेली,
घळीतल्या घरी, घोड्यावर, दप्तरात दोन चपात्यांएवढ्या
चीजच्या वड्यांशेजारी.
एकोणीस दिवसांनी परत आणलं.
पान बारावर, त्या दलदलीच्या अगदी मधोमध,
पाण्यावरच लिहिलेलं, ठसठशीत:

आमची आजी शेळ्या दोहायला ज्या दगडावर बसते
तो दगड नाही, मणका आहे.
एका बाजूने फुटलाय. मी आत हात घातला.
आत खोल्या आहेत, रिकाम्या.
रिकाम्या खोल्यांना वजन नसतं.
तो उभा राहू शकत होता.

मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले.
वारा दाराशी आला, दार वाजवून गेला.
साठ वर्षांत मला त्या जनावराची कीव येत होती
आणि ते तर आपल्या पायांवर
आजीच्या अंगणातून चालत गेलं होतं.

खात्याच्या फॉर्मवर एक रकाना आहे:
पुस्तक रद्द न करण्याचं कारण.
त्यात मी लिहिलं: वाचकाकडे आहे.
खोटं, पण शिक्का मारला.

मग सुई-दोरा काढला
आणि त्या नव्या, गुळगुळीत पुस्तकाच्या पोटात
चार कोरी पानं शिवली.
पेन्सिलही बांधून ठेवली, दुहेरी गाठ मारून.
पेन्सिली इथे फार लवकर
नामशेष होतात.